पाठमोरा नायक

आमच्या गावच्या देवळाच्या मंडपात, जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकात मी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तेव्हा माझे वय सोळा-सतरा वर्षांचे असेल. गोव्यातील उत्सवी रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या हौशी नटाला जो पहिला धडा मिळतो, तोच मलाही मिळाला. "प्रेक्षकांना पाठ दाखवू नकोस," असे आमचे तालीममास्तर दटावून सांगत. "पाठीला ना डोळे, ना तोंड. लोकांनी काय पाहायचे?" पुढे शिक्षक झाल्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात मीही कित्येक वर्षे मुलांना हेच बजावीत आलो.

हा नियम राजरोसपणे मोडणारा नट मला भेटला तो माझ्याच घरी, माझ्या मुलाच्या खोलीत. संगणकाच्या पडद्यावर एक घोडेस्वार बर्फातून चालला होता आणि त्याची फक्त पाठ दिसत होती. कितीही वेळ गेला तरी पाठच. मुलगा त्या पाठीकडे टक लावून बसला होता.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी दोन विषयांत नापास होऊन घरी आला होता. शेकडो मुलांच्या निकालपत्रांवर सह्या करणाऱ्या मुख्याध्यापकाला घरचे निकालपत्र पचविणे जड जाते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. आम्हा बापलेकांचे बोलणे "जेवायला ये" आणि "येतो" एवढ्यावर आले होते. त्या रात्री पाने वाढलेली होती. मी दारात उभा राहून हाक मारली. तो म्हणाला, "बाबा, दोन मिनिटं. त्याच्या अंगात पातळ सदरा आहे आणि बर्फ पडतोय. त्याला शेकोटीपाशी बसवतो आणि येतो."

"खेळ थांबवता येत नाही का?"

"येतो. पण त्याला असं सोडून कसं उठू?"

मी चिडून निघून आलो. परंतु जेवताना, आणि नंतर अंथरुणावर पडल्यावरही, ते एक सर्वनाम माझ्या डोक्यातून जाईना. 'त्याला'. मराठीच्या शिक्षकाचे कान अशा ठिकाणी अडखळतात. पडद्यावरील ती आकृती हा मुलगा आपल्या बोटांनी चालवीत होता. तिला थांबवावे, पळवावे, कड्यावरून लोटावे, सारे त्याच्या हाती होते. मग त्याने 'मला थंडी वाजते' असे का म्हटले नाही? किंवा 'ते चित्र राहू दे' असे म्हणून तो सरळ का उठला नाही? ज्या मुलाला स्वतःची ओली छत्री कोठे ठेवली हे आठवत नाही, त्याला एका चित्राच्या थंडीची चिंता का वाटावी?

या प्रश्नाच्या मागे लागून पुढील काही महिने मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पाहिले, वाचले, पुष्कळ विचारले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे, विशेषतः माझ्यासारख्या दारात उभे राहून चिडणाऱ्या आईबापांपुढे, ठेवीत आहे.

मी आणि तो

व्याकरणात पुरुष तीन: बोलणारा तो प्रथमपुरुष, ज्याच्याशी बोलावयाचे तो द्वितीयपुरुष आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो तृतीयपुरुष. संगणकावरील खेळांनीही हीच परिभाषा उचलली आहे. ज्या खेळात पडदा म्हणजेच नायकाचे डोळे असतात आणि आपल्याला त्याचे फक्त हात दिसतात, तो प्रथमपुरुषी खेळ. ज्यात नायक पाठमोरा आपल्यापुढे चालतो आणि आपण त्याच्या खांद्यामागून जग पाहतो, तो तृतीयपुरुषी.

या खेळांतच 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ, हा एक मोठा वर्ग आहे. त्याचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढीच त्याची सामग्री. कोणी योद्धा होई, कोणी मांत्रिक, बळ, बुद्धी, चापल्य यांचे आकडे कागदावर मांडले जात, आणि खेळणारा तोंडाने सांगे, "मी दार उघडतो." तेथे पात्राचा देह प्रत्येकाच्या कल्पनेत असे, त्यामुळे तो कधी खोटा वाटत नसे. संगणकाने त्या पात्राला दृश्य देह दिला आणि तेथूनच अडचणीस आरंभ झाला. जे दिसते ते बेगडीही दिसू शकते.

मी मुलाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवले. घोडा ठेचकाळून स्वार खाली आला की तो ओरडे, "पडलो!" पण तोच स्वार ओढ्याकाठी उभा राहून खोकू लागला की म्हणे, "तो खोकतोय." एका वाक्यात 'मी', दुसऱ्या वाक्यात 'तो', आणि या अदलाबदलीची त्याला जाणीवही नसे. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. पात्र निव्वळ 'मी' राहिले तर तो नुसता हातमोजा. ते निव्वळ 'तो' राहिले तर मग चित्रपटच पाहावा, हातात बटणे कशाला? 'मी'कडून 'तो'कडे आणि परत, अशी ये-जा ज्या पात्रात सुखाने होते तेच जिवंत वाटते. ही ये-जा कशी साधतात हे पाहताना मला आधार सापडला तो आपल्या जुन्या नाट्यशास्त्राचा. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, आहार्य, वाचिक आणि सात्त्विक. पाठमोऱ्या नायकालाही हे चारही लागतात.

अंगाचा भार

प्रथम आंगिक, म्हणजे शरीराचा अभिनय. चालत्या माणसाची नक्कल कागदावर उतरविणे किती अवघड, हे चलत्चित्रे काढणाऱ्यांना फार पूर्वीच कळले होते. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी यावर एक युक्ती काढली व १९१७ साली तिचे पेटंट मिळविले. खऱ्या माणसाचे चित्रण करावयाचे आणि त्याच्या एकेका चौकटीवरून रेषा गिरवून चित्र काढावयाचे, ही ती युक्ती. तिचे नाव रोटोस्कोप. विदूषकाचा वेष घालून त्यांच्यापुढे नाचला तो त्यांचा भाऊ डेव्ह.

पुढे जवळजवळ सात दशकांनी जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने हीच वाट धरली. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळावयास, उड्या मारावयास आणि भिंतीला लोंबकळावयास लावले व त्याचे व्हिडिओ चित्रण केले. त्यावरून एकेक मुद्रा गिरवून त्याने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ तयार केला. तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तलवारबाजीसाठी त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील प्रसिद्ध चित्रपटाचा आधार घेतला. योगायोग असा की या भावाचेही नाव डेव्हिड. त्या खेळातला राजपुत्र बाजूने दिसतो आणि तो भूमिका-खेळही नव्हे. परंतु आजच्या सर्व पाठमोऱ्या नायकांचा तो पूर्वज आहे. त्याचे चित्र अगदी ओबडधोबड, तोंडाच्या जागी चार ठिपके. तरीही पळता पळता त्याला थांबविले की तो जागच्या जागी थांबत नाही, दोन पावले पुढे घसरतो. कड्याच्या टोकाशी बोटांनी लटकला की त्याला वर ओढून घेण्यास क्षणभर लागतो. त्याला वजन आहे! ज्याला वजन आहे तो पडू शकतो. आणि जो पडू शकतो त्याच्यासाठी जीव खालीवर होतो.

आज नटाच्या अंगावर खुणा लावून, अनेक कॅमेऱ्यांनी त्याच्या हालचाली टिपून त्या पात्राला देतात. परंतु टिपलेली हालचाल जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण नटाला माहीत असलेली रंगभूमी पात्राला मिळत नाही. खेळणारा त्याला केव्हा वळवील, केव्हा जिन्यावर चढवील, याचा नेम नाही. म्हणून चालणे, वळणे, थांबणे यांचे असंख्य तुकडे संगणक त्या त्या क्षणी एकमेकांत मिसळतो. उतारावर एक पाय वर, एक खाली राहावा म्हणून घोटा, गुडघा व कंबर यांचा कोन पायाखालच्या जमिनीवरून उलट गणित करून काढतो. हे गणित चुकले की पाय जमिनीवर न टेकता बर्फावरून सरकल्यासारखे सरकतात आणि पाहणाऱ्याचा विश्वास त्या क्षणी उडतो.

येथे कारागिरांपुढे खरा पेच असतो. जिवंत माणूस वळण्यापूर्वी भार एका पायावर घेतो. त्याला वेळ लागतो. बटण दाबणाऱ्याला मात्र उत्तर तत्काळ हवे असते. भार दाखवावा तर पात्र आळशी वाटते, चापल्य दाखवावे तर ते कागदी होते. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१५ च्या मे महिन्यात 'द विचर ३' हा गाजलेला भूमिका-खेळ प्रसिद्ध केला. त्याचा नायक गेराल्ट हा आन्द्झेय सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेला, मोल घेऊन राक्षसांची शिकार करणारा फिरस्ता. त्याचे चालणे-वळणे जड वाटते अशी अनेकांची तक्रार आली. तेव्हा त्याच वर्षी जुलैत कंपनीने खेळात सुधारणा करून हालचालीची दुसरी, अधिक चपळ पद्धत उपलब्ध केली, पण जुनी काढून टाकली नाही. ज्याला 'मी' जवळचा वाटतो त्याने चपळ गेराल्ट घ्यावा, ज्याला 'तो' जवळचा वाटतो त्याने जड घ्यावा, असाच तो निवाडा झाला.

अंगावरून पूर्वेतिहासही कळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा साहस-खेळ काढला. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाला शोधीत निघालेली राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. दुर्गेने दिलेला त्रिशूळ ती योद्ध्यासारखा चालवीत नाही, डोंबाऱ्याच्या पोरीच्या चपळाईने चालविते. खांबाभोवती गिरकी घेते, भिंतीवरून धावते. तिचा पूर्वेतिहास कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

आणि काहीच न करण्याचाही अभिनय असतो. खेळणाऱ्याने हात काढून घेतला की पात्र पुतळा होऊ नये. १९९१ सालच्या जपानी 'सॉनिक' या खेळातला निळा साळू नुसता उभा ठेवला की पडद्याबाहेर बघून अधीरपणे पाय आपटू लागे. आजचे नायक श्वास घेतात, भार या पायावरून त्या पायावर टाकतात. रंगमंचावर दुसऱ्याचे भाषण चालू असताना नुसते उभे कसे राहावे हे ज्याला कळले तो खरा नट, असे आमचे तालीममास्तर म्हणत. तो निकष येथेही चालतो.

वेषभूषा आणि दरी

आहार्य अभिनय म्हणजे रंगभूषा व वेषभूषा. बहुतेक भूमिका-खेळांत चिलखते आणि अंगरखे बदलण्याची हौस पुरेपूर भागविलेली असते. परंतु नुसते नटविल्याने जीव येत नाही. काळाचा वेषावर परिणाम व्हावा लागतो. 'द विचर ३' मध्ये दिवस जातात तशी गेराल्टची दाढी वाढते आणि न्हाव्याकडे जावे लागते. माझा मुलगा ज्या घोडेस्वाराला शेकोटीकडे नेत होता तो 'रेड डेड रिडेम्प्शन २' या २०१८ सालच्या खेळाचा नायक आर्थर मॉर्गन. वर्गवारीत काटेकोर असणारे या खेळाला शुद्ध भूमिका-खेळ मानीत नाहीत. परंतु भूमिका अंगात भिनविण्याच्या बाबतीत तो पुष्कळ भूमिका-खेळांना मागे टाकतो. १८९९ सालच्या अमेरिकेत, मोडत चाललेल्या एका दरोडेखोर टोळीत वाढलेला हा मनुष्य चिखलात पडला की त्याचे कपडे चिखलाने माखतात आणि वाटेवरचे लोक त्याला तसे बोलूनही दाखवितात. त्याचे केस व दाढी वाढतात. खाण्यापिण्यावरून तो रोडावतो वा सुटतो. बर्फात पातळ कपड्यांनी नेले तर त्याची प्रकृती ढासळते. म्हणजे मुलाची ती चिंता केवळ भावुकपणा नव्हती, खेळाच्या नियमातच ती होती. परंतु नियम विसरला जावा आणि चिंता तेवढी उरावी, यातच कारागिरीचे यश आहे.

चेहरा हुबेहूब केला की पात्र जिवंत वाटेल, हा मात्र भ्रम आहे. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-शास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात असे मांडले की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते. पण ती जवळजवळ माणसासारखी, तरीही पुरती नव्हे, अशा टप्प्यावर आली की आवड एकाएकी शिसारीत बदलते. या घसरणीला त्यांनी दरीची उपमा दिली. दरीच्या पलीकडल्या तीरावर, वरच्या जागी, त्यांनी बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुलीला बसविले होते. तिची उंची, कातडी माणसासारखी नसते. तरी रंगमंचावर तिच्या हालचाली पाहणाऱ्याला ती माणूस वाटते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटविण्याची गरज नाही. पाठमोऱ्या नायकाचे भाग्य हे की खेळाचा बराच काळ त्याचा चेहरा दिसतच नाही. दरी ओलांडण्याचे काम पाहणाऱ्याची कल्पना करते.

कोणी बोलावे?

वाचिक अभिनयात तर 'मी' आणि 'तो' यांचे उघड भांडण आहे. कित्येक भूमिका-खेळांतील नायक मुका असतो. पडद्यावर चार वाक्ये येतात, आपण एक निवडतो, समोरचे पात्र उत्तर देते. आपला आवाज मनातल्या मनात. कॅनडातील बायोवेअर या कंपनीच्या २००९ सालच्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'चा नायक असाच मुका होता. याच कंपनीने २००७ सालच्या 'मास इफेक्ट'मध्ये मात्र शेपर्ड या नायकाला आवाज दिला: पुरुष शेपर्डला मार्क मीर यांचा, स्त्री शेपर्डला जेनिफर हेल यांचा. तेथे खेळणारा संपूर्ण वाक्य निवडीत नाही, एका चक्रावरून वाक्याचा नुसता आशय निवडतो आणि शेपर्ड ते स्वतःच्या शब्दांत बोलतो. यात गंमत अशी की आपण निवडले एक आणि तो बोलला भलतेच, असे कधी कधी घडते. खेळणारे चिडतात, 'मी असे म्हटले नव्हते' म्हणतात. पण आपल्याच तोंडून कधी नको ते निघून जात नाही काय?

२०११ सालच्या 'ड्रॅगन एज २' मध्ये यापुढची पायरी गाठली गेली. तेथील हॉक नावाचा नायक शांतपणे, विनोदाने वा रागाने उत्तर देऊ शकतो. आणि खेळणारा वारंवार जी वृत्ती निवडतो ती खेळ लक्षात ठेवतो. मग जेथे निवड विचारली जात नाही अशा किरकोळ प्रसंगीही हॉक त्याच वृत्तीने बोलू लागतो. सतत चिडकी उत्तरे देणाऱ्याचा हॉक हळूहळू चिडका होतो. स्वभाव सवयीने बनतो, हे शाळेत कंठशोष करून सांगावे लागते. येथे ते न सांगता कळते.

गेराल्टच्या बाबतीत कारागिरांनी वेगळा मार्ग पत्करला. त्याच्यापुढे ठेवलेले सारे पर्याय गेराल्टलाच शोभतील असे असतात. तो मोल घेईल वा सोडील, दया करील वा करणार नाही. परंतु मूलतः तो दुसराच कोणी होऊ शकत नाही. चांगल्या कादंबरीतील पात्र लेखकाचेही ऐकत नाही असे आपण म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

ज्याला बटण नाही

आता राहिला सात्त्विक अभिनय. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. घाम फुटणे, कंप सुटणे, चेहरा विवर्ण होणे या गोष्टी ठरवून होत नाहीत, अंतःकरण हलले की आपोआप होतात. मुलाच्या शेजारी बसल्यावर मला या जुन्या शब्दाचा नवा अर्थ लागला. धावणे, बोलणे, वेष बदलणे या प्रत्येक गोष्टीला बटण आहे. सात्त्विकाला बटण नाही. खेळणाऱ्याने सांगितले नसताना पात्र जे करते, ते त्याचे सत्त्व.

आर्थर एक वही बाळगतो. दिवसभर आपण त्याला हिंडवितो आणि तो आपल्या नकळत त्या वहीत लिहितो. पाहिलेल्या प्राण्यांची, जागांची रेखाटने काढतो. आपण ती वही उघडून वाचू शकतो, तिच्यात एक अक्षर लिहू शकत नाही. बाहेर धटिंगण वाटणाऱ्या या माणसाच्या आत संकोची, स्वतःविषयी फारसे चांगले मत नसलेला एक जीव आहे, हे त्या पानांतून कळते. दुसऱ्याची रोजनिशी वाचताना जो अपराधी भाव येतो, तो मला तेथे आला.

कर्माचा हिशेब ही यापुढची गोष्ट. 'द विचर ३' मध्ये एका दारुड्या जहागीरदाराचे प्रकरण आहे. बायको व मुलगी त्याला कंटाळून पळून गेल्या आहेत आणि गेराल्टने त्यांचा शोध लावावयाचा आहे. वाटेत एका टेकडीखाली कोंडलेला आत्मा त्याला विनवितो: मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ पोरांना वाचवीन. सोडविले तर पोरे वाचतात. पण एक गाव उद्ध्वस्त होते, जहागीरदाराची बायको मरते आणि तो स्वतः गळफास घेतो. सोडविले नाही तर पोरे जातात. बायको वेडी का होईना, जिवंत राहते आणि नवरा तिला उपचारासाठी दूर डोंगरात घेऊन निघतो. निवड करताना यातले काहीच ठाऊक नसते. परिणाम खूप नंतर समोर येतात, तेव्हा परतीची वाट पुष्कळ मागे राहिलेली असते. 'मास इफेक्ट'च्या २००७, २०१० व २०१२ सालच्या तीन खेळांत तर खेळणाऱ्याचे निर्णय एका खेळातून पुढच्या खेळात नेण्याची सोय होती; पहिल्या खेळात ज्याला मरू दिले तो तिसऱ्यात भेटत नाही. केलेले जग विसरत नाही, या एका जाणिवेने पाठमोऱ्या आकृतीला भूतकाळ मिळतो; आणि ज्याला भूतकाळ आहे त्याला आपण चित्र म्हणत नाही.

आर्थरची कथा येथे सर्वांत कठोर आहे. खेळाच्या आरंभीच्या भागात त्याला कर्जवसुलीसाठी एका शेतकऱ्याच्या घरी जावे लागते. शेतकरी आजारी आहे. आर्थर त्याला मारतो. अर्थात मारण्याची बटणे खेळणाऱ्यालाच दाबावी लागतात, तो प्रसंग टाळता येत नाही. शेतकरी खोकतो आणि रक्त आर्थरच्या तोंडावर उडते. खेळणारा ते विसरूनही जातो. पुष्कळ पुढे, भर रस्त्यात आर्थर कोसळतो आणि डॉक्टर निदान करतात: क्षय. तेथून त्याचे शरीर उतरू लागते, डोळे तांबारतात, चेहऱ्यावर वैवर्ण्य येते, बोलता बोलता खोकल्याची उबळ येते. रॉजर क्लार्क या नटाने आर्थरला आवाज आणि हालचाली दोन्ही दिल्या आहेत, म्हणून तो खोकला कंठातून आल्यासारखा वाटत नाही, बरगड्यांतून येतो. घोड्यावरून "मी पडलो" म्हणणारा मुलगा "तो खोकतोय" असे का म्हणे, ते मला तेव्हा कळले. खोकल्याला बटण नव्हते. दुखणे आर्थरचे होते. ते ज्याने ओढवून घेतले तो हात मात्र मुलाचा होता.

शेजारची खुर्ची

हे लिहिताना मी या खेळांची भलावण करीत नाही. वर सांगितलेले विचरचे आणि आर्थरचे खेळ हिंस्र आहेत, प्रौढांसाठीच आहेत आणि तसे त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते. शाळकरी मुलांच्या हाती ते देऊ नयेत. रात्रीच्या रात्री गिळण्याची त्यांची शक्तीही मी पाहिली आहे. शिवाय सारेच नायक असे जिवंत नसतात. बहुतेक हातमोजेच असतात. परंतु दारात उभे राहून पाहणाऱ्याला हातमोजा आणि नायक यांतला फरक कळत नाही. त्यासाठी शेजारी खुर्ची टाकावी लागते.

आर्थरचा शेवट झाला त्या रात्री मी जागाच होतो. खेळणाऱ्याच्या बऱ्यावाईट वागणुकीवर तो शेवट अवलंबून असतो. मुलाने त्याला शक्य तेवढे सावरून वागविले होते, म्हणून त्याला उगवत्या सूर्याकडे पाहत मरण आले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग पडद्याकडे पाहतच म्हणाला, "बाबा, तुमच्या आजोबांना हेच झालं होतं ना?"

माझे आजोबा क्षयाने गेले ते माझ्या जन्मापूर्वी. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. आमच्या गावापर्यंत ते पोहोचण्यापूर्वीच ते गेले होते. आमच्या घरात त्या दुखण्याचे नाव कोणी काढीत नसे. मागच्या पडवीत त्यांची वेगळी खाट होती, वेगळे ताट होते आणि माझ्या वडिलांना लहानपणी त्यांच्याजवळ जाऊ देत नसत, एवढे मला आजीकडून कळले होते. मी ते मुलाला कधी सांगितले नव्हते. त्याने कोठून तरी अर्धवट ऐकले असावे. त्या रात्री सांगितले. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहून आपल्या बापाची फक्त पाठ पाहत, कारण खोकला कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत, हेही सांगितले.

मुलगा ऐकत राहिला. आम्ही दोघे पहाटेपर्यंत बोलत होतो. आजोबांविषयी, नंतर त्याच्या कॉलेजविषयी आणि त्याला तेथे ज्याची भीती वाटत होती त्याविषयीही. त्याचे दोन विषय पुढे सुटले की नाही, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. उठताना मी विचारले, "आता पुन्हा पहिल्यापासून खेळणार का?"

"खेळेन," तो म्हणाला. "पण तो शेतकरी येईल तेव्हा काय करायचं, कळत नाही. ते बटण दाबावंच लागतं."

आमचे तालीममास्तर आज असते तर मी त्यांना एवढेच सांगितले असते की मास्तर, पाठीलाही तोंड असते. आपण किती वेळ तिच्याकडे बघत बसतो, यावर ते दिसणे अवलंबून आहे.